चार सेकंद

सायकलींची शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणे यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार दुसरा नाही. दीड तास आधी जाऊन जागा धरायची, ताटकळत उभे राहायचे, शेजारच्या अनोळखी बाईशी हातवारे करून ओळख वाढवायची. आणि मग एकाएकी ‘आल्या, आल्या’ असा गलका होतो, रंगीबेरंगी सदऱ्यांचा एक लोंढा समोरून सणसणत निघून जातो, आणि आपण चष्मा सारखा करीपर्यंत रस्ता पुन्हा मोकळा! लग्नाला जावे आणि नेमक्या अक्षता पडताना चपला शोधत राहावे, तशी माझी गत झाली.

हे घडले रॉटरडॅमला, १२ ऑगस्ट २०२४ रोजी. मी लेकीकडे गेले होते आणि त्या दिवशी ‘तूर द फ्रान्स फाम’ ही बायकांची सायकल-शर्यत त्या शहरातून सुटायची होती. नाव फ्रान्सचे आणि सुरुवात हॉलंडात, हे मला चमत्कारिकच वाटले. माझ्या बारा वर्षांच्या नातवाला मात्र त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने त्या शर्यतीची एक वहीच घातली होती. सात-सात जणींची बावीस पथके, सात दिवसांत आठ टप्पे, एकूण अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पुण्याहून सायकल मारीत नागपूर गाठायचे आणि वर आणखी दोन-अडीचशे किलोमीटर जायचे. शिवाय शेवटी आल्प्स पर्वत!

“रोज जी पहिली येते ती जिंकली का रे?” मी विचारले.

“तसं नाही गं आजी. रोजचा वेळ मोजतात, तो बेरजेला लावतात. जिची बेरीज सगळ्यांत कमी, तिला पिवळी जर्सी. शिवाय टप्प्यात पहिली आली तर दहा सेकंद माफ, दुसरीला सहा, तिसरीला चार.”

चार सेकंदांची माफी! साडेनऊशे किलोमीटरच्या हिशेबात चार सेकंद म्हणजे वाण्याच्या बिलातला पैसा. मला हसू आले. त्या हसण्याचा हिशेब पुढे सात दिवसांनी चुकता झाला.

बायकांची ही शर्यत काही कालपरवाची नव्हे. १९५५ साली फ्रान्समध्ये पाच टप्प्यांची अशी एक शर्यत झाली होती. मिली रॉबिन्सन ती जिंकली, आणि पुढे ती शर्यत बंदच पडली. मग एकदम १९८४. त्या वर्षी पुरुषांच्या शर्यतीबरोबरच बायकांचीही ठेवली गेली आणि अमेरिकेची मॅरिअॅन मार्टिन जिंकली. तिला मिळाले हजारएक डॉलर आणि एक चषक. त्याच वर्षी पुरुषांत जिंकलेल्या लोराँ फिन्योंला लाखाच्या वर. पुढे तीही प्रथा टिकली नाही. नावे बदलत, बंद पडत, पुन्हा सुरू होत अखेर २०२२ मध्ये पॅरिसहून आताची शर्यत सुटली. पहिलीला पन्नास हजार युरो, पुरुषांत पहिल्याला पाच लाख. चाळीस वर्षांत शंभरपटीची दरी दहापटीवर आली म्हणायची!

दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, एकाच दिवसात दोन टप्पे होते. सकाळी दॉर्द्रेख्त गावाहून रॉटरडॅमपर्यंतचा, आणि दुपारी शहरातच एकेकटीने घड्याळाशी लावायची ६.३ किलोमीटरची शर्यत. ती डेमी व्होलरिंगने जिंकली. ही मुलगी जवळच्याच पाइनॅकर गावची. सायकल हाच पोटाचा उद्योग होण्याआधी ती फुलांच्या दुकानात काम करीत असे. २०२३ ची शर्यत तिनेच जिंकलेली. पिवळी जर्सी तिच्या अंगावर चढली, तेव्हा माझ्या शेजारची ती हातवाऱ्यांची मैत्रीण रडत होती.

घरी परतताना आम्ही आजी-नातू सायकलींवरच होतो. त्या देशात सत्तरीच्या बाईने सायकल चालवली तर कोणी वळून पाहत नाही. पण हॉलंडातला वारा! डोंगर नाही, टेकाड नाही. समुद्रावरून निघालेला वारा थेट आपल्या छातीवर येऊन थडकतो. मी पॅडल मारते आहे आणि सायकल जागची हलत नाही. तेवढ्यात नातू पुढे झाला आणि ओरडला, “आजी, माझ्या मागे ये. अगदी चाकाला चाक लावून!”

मी तशी गेले, आणि वारा बंद झाला. कोणी खिडकी लावून घ्यावी तसा. पाय हलके झाले, कानांतला घोंगाट थांबला, नातवाचे बोलणे ऐकू येऊ लागले. तो सांगत होता की मागच्याचे श्रम असे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाचतात. म्हणून तर पथक लागते! सात जणींतली एकच जिंकायची असते. बाकीच्या सहा जणी तिच्यापुढे राहून वारा अंगावर घेतात, तिच्यासाठी मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, ती पडली तर थांबतात, आणि पायांतले त्राण संपले की बाजूला होतात. फ्रेंच भाषेत अशा सायकलस्वाराला सरळ ‘घरगडी’ अशा अर्थाचाच शब्द आहे म्हणे.

पण माझे लक्ष त्याच्या बोलण्यात राहिले नव्हते. त्या निळ्या सदऱ्याच्या पाठीकडे बघता बघता मला दुसरीच एक पाठ दिसू लागली होती. पोपटी रेनकोटातली, जराशी पुढे झुकलेली, वेणी रेनकोटात खुपसलेली. माझ्या थोरल्या बहिणीची. आक्काची.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघी सदाशिव पेठेतून कॉलेजला सायकलवर जात असू. पुण्याच्या पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. लकडी पूल ओलांडून कर्वे रस्त्याला लागले की तो समोरून येई. आक्का पुढे, मी मागे. मला वाटे, ती थोरली म्हणून पुढे. कधी तिने वळून पाहिले नाही, कधी मी तिला ‘आता मी पुढे होते’ म्हटले नाही. पुढे वडील अंथरुणाला खिळले. आक्काने इंटरनंतर कॉलेज सोडले आणि एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली. मी बी. ए. झाले, एम. ए. झाले, प्राध्यापक झाले. निवृत्तीच्या दिवशी माझा सत्कार झाला तेव्हा मी प्राचार्यांचे आभार मानले, यजमानांचे मानले, विद्यार्थ्यांचे मानले, तीस वर्षे चहा आणून देणाऱ्या शिपाईमामांचेही मानले. सगळ्यांना ते फार आवडले. आक्का तिसऱ्या रांगेत बसली होती. तीही टाळ्या वाजवीत होती.

त्या दिवसापासून मी ती शर्यत टीव्हीवर पाहू लागले, ती निराळ्याच डोळ्यांनी. पहिल्या नंबराकडे माझी नजरच जाईना. मी तिच्या पुढे कोण आहे ते बघे.

१४ तारखेला लिएजच्या टप्प्यात पक पीटरसे पहिली, डेमी दुसरी, आणि पोलंडची कासिया न्येव्यादोमा तिसरी. कासियाला चार सेकंद माफ. ही कासिया २०२२ मध्येही तिसरी आणि २०२३ मध्येही तिसरी आलेली. तिसरेपणाचा तिला आता कंटाळा आला असेल, असे मी म्हटले.

१५ तारखेला बास्तोन्यहून आम्नेव्हिलला जाताना, शेवट सहाएक किलोमीटरवर आलेला असताना, एका वळणावर बायका धडाधड पडल्या. त्यांत पिवळी जर्सी होती. डेमी रस्त्यावर बसूनच राहिली, मग उठली, सायकलवर चढली. पुढे तो टप्पा जिंकला कोणी? तिच्याच पथकातल्या हंगेरीच्या ब्लांका वॉशने. कासिया दुसरी आली आणि तिला सहा सेकंद माफ झाले. डेमी पोचली १ मिनिट ४७ सेकंदांनी. पिवळी जर्सी कासियाकडे गेली. पथकातल्या इतर जणी डेमीसाठी का थांबल्या नाहीत, यावर पुढे जगभर वाद झाले. नातूही तावातावाने बोलत होता. मी गप्प होते. पुढे असणारी मागे वळून पाहत नाही, याचा राग करण्याचा अधिकार मला कुठून असणार? मी तर मागे असून पुढचीकडे पाहिले नव्हते!

अखेरचा दिवस रविवार, १८ ऑगस्ट. जवळजवळ १५० किलोमीटर. त्यात १९२४ मीटरांवरची ग्लाँदोंची खिंड, म्हणजे आपल्या सिंहगडावर आणखी सहाशे मीटर रचावेत एवढी. ती उतरायची आणि मग आल्प द्युएझ. एकवीस वळणांचा पावणेचौदा किलोमीटरचा घाट. डेमी ७५ सेकंदांनी मागे होती. कमरेला मार लागलेला. तरी ग्लाँदोंच्या चढावर ती अशी काही सुटली की कासिया दिसेनाशी झाली. डेमीबरोबर टिकली ती एकच, पॉलिना रोयाकर्स.

आणि मग खिंड उतरून दोघी खाली आल्या. आल्प द्युएझच्या पायथ्याशी नेणारी सपाट दरी. सपाटीवर वारा. डेमीने मागे वळून खूण केली, ‘जरा पुढे ये, वाटून घेऊ.’ रोयाकर्स आली नाही. ती दुसऱ्या पथकातली, तिलाही जिंकण्याची आशा होती. ती का म्हणून येईल? डेमी बहुतेक वाट वारा एकटीने अंगावर घेत गेली.

मागे कासियाच्या पुढेही तिच्या पथकातले कोणी उरले नव्हते. पण ती ज्या घोळक्यात होती, त्यात इटलीची गाया रेआलिनी होती आणि गायाच्या पथकातली लुसिंडा ब्रांट तिच्यासाठी पुढे राहून जीव तोडून ओढीत होती. ती ओढीत होती गायाला. पण तिच्या पाठीमागचा आडोसा काही एकटीपुरता नव्हता. त्या आडोशाला कासियाही होती. ही लुसिंडा जन्माने दॉर्द्रेख्तची, म्हणजे मंगळवारी सकाळी जिथून बायका निघाल्या होत्या त्याच गावची. दरी संपली, घाट सुरू झाला, तिचे काम झाले. दूरदर्शीचा डोळा तिला सोडून पुढे गेला.

घाटात ज्याचा त्याचा चढ. डेमी पहिली आली. घड्याळ चालू राहिले. सगळे घर उभे राहून सेकंद मोजीत होते. कासिया आली १ मिनिट १ सेकंदाने. त्यात डेमीचे माफीचे दहा मिळवा, झाले ७१. पंचाहत्तरांतून एकाहत्तर गेले, उरले चार. २४ तास ३६ मिनिटांच्या बेरजेत कासिया चार सेकंदांनी जिंकली! पुरुषांच्या शर्यतीतदेखील एवढा थोडका फरक कधी पडलेला नाही. तिथला विक्रम आठ सेकंदांचा, १९८९ चा. आणि ते आठ सेकंद कमी पडले होते ते त्याच लोराँ फिन्योंला.

नातू वहीत हिशेब मांडीत बसला. लिएजचे चार नसते तर? आम्नेव्हिलचे सहा नसते तर? मी म्हटले, “आणि दरीतल्या त्या बाईचे किती सेकंद धरलेस?” तो म्हणाला, “आजी, त्याला वहीत रकाना नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला फोन लावला. सगळी शर्यत आक्काला सांगितली. मग धीर करून कर्वे रस्त्याचे सांगितले, पोपटी रेनकोटाचे सांगितले, सत्काराचे सांगितले. पन्नास वर्षे राहून गेलेले बोलायला मला फारसा वेळ लागला नाही.

पलीकडे आक्का थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “हे बघ, मी पुढे राहायची कारण तुझे ब्रेक लागत नसत. मागे ठेवली असती तर माझ्यावर येऊन आदळली असतीस. आणि कॉलेज सोडलं ते सगळं तुझ्यासाठी नाही हं. मला तर्कशास्त्र मुळीच सुटत नव्हतं. नोकरी लागली, हातात माझा स्वतःचा पगार आला, तेव्हा मला काय वाटलं होतं ते तू कधी विचारलंस का? उगीच मला गरीब बिचारी करू नकोस.”

मी ओशाळले. तीच पुढे म्हणाली, “आणि मागच्याला काही करावं लागत नाही, असं का समजतेस? मागे राहायचं तरी पाय चालवावेच लागतात. थांबलीस की सुटलीस. तू सुटली नाहीस एवढं खरं.”

मग उगीच इकडचे तिकडचे बोललो. गुडघे, पाऊस, भाजीचे भाव. फोन ठेवताना ती म्हणाली, “थांब गं. ती दरीत पुढे राहिली ती कोण म्हणालीस?”

“लुसिंडा. लुसिंडा ब्रांट.”

“सावकाश सांग,” आक्का म्हणाली. “पेन्सिल घेते. लिहून ठेवते.”