हद्द कुणाची?

चाकणपासून दोन कोसांवर आमचं गाव. मी दहावी होऊन शेतीला लागलो, तेव्हा गावात फोन नव्हता. आग लागली, कुणी विहिरीत पडलं, कुणाला पान लागलं, तर एकच करायचं. टेकावर चढून बोंब ठोकायची. कुणी थाळी वाजवायचा, कुणी देवळाची घंटा. 'कुठशीक?' एवढंच विचारत माणसं पळत सुटायची. कुणाला बोलवायचं हा प्रश्नच नव्हता. ज्याला ऐकू जाईल तो यायचा.

पुढं कंपन्या आल्या. कांदा-बटाट्याच्या रानात शेडा उभ्या राहिल्या. आमची निम्मी जमीन संपादनात गेली. उरलेल्यात कांदा-ज्वारी करतो, आणि रस्त्याकडंला दहा खोल्यांची चाळ बांधलीय. तिच्यात कामगार पोरं राहतात. कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी बिहारचा.

2017 सालची गोष्ट. चैत्राचं ऊन, दुपारची वेळ. वावटळ सुटली, तारेला तार घासली आणि ठिणगी पडली ती नेमकी कडब्याच्या गंजीवर. गंजीला लागून गोठा. मी सवयीनं बोंब मारली. पण चाळीतली निम्मी पोरं ड्यूटीवर, निम्मी रातपाळी करून दारं लावून झोपलेली. बांधशेजारी जमिनी विकून चिंचवडला राहायला गेलेले. ऐकणार कोण?

मोबाईल काढला. 101 नंबर शाळेत पाठ केलेला, तो लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "हद्द कुणाची? नगरपरिषद का एमआयडीसी?"

म्हणलं, "गाव ग्रामपंचायतीत, रस्त्यापलीकडं एमआयडीसी."

"मग आमच्याकडं नाही येत. दुसरा नंबर घ्या."

नंबर लिहायला पेन कुठून आणू? हद्दीचा घोळ त्या माणसानं काही घातला नव्हता. 2015 साली चाकणची नगरपरिषद झाली, त्याच साली पीएमआरडीए आलं. एमआयडीसी आधीपासून होतीच. दोन कोसांच्या मुलखात एवढे कारभारी. आग मात्र हद्द विचारत नाही.

तेवढ्यात घरची माणसं गोठ्याकडं धावलेली दिसली. गाय सोडायला कारभारीण आत शिरली होती. गाय सुटली, पण वरचं जळतं छप्पर तिच्या हातावर पडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

गडबड ऐकून चाळीतलं लातूरचं एक पोरगं उठून आलं. वीस-बावीस वर्षांचं, कंत्राटी कामाला. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी शाई लावा म्हणालं. त्यानं सगळ्यांना बाजूला सारलं. "काही लावू नका काकू, नुसतं गार पाणी." पाण्याच्या नळाखाली हात धरायला लावले, बांगड्या काढायला लावल्या आणि 108 ला फोन केला. कंपनीत महिन्याला शिकवतात म्हणे. गेटवर नंबरांचा फलकच आहे. आमच्या पिढ्या इथं मुरल्या, आणि कुणाला बोलवायचं ते ठाऊक परक्या मुलखातून आलेल्या पोराला!

फोनवर त्याला पत्ता विचारला. त्यानं माझ्या हातात फोन दिला. मी सांगितलं, "म्हसोबाच्या माळाखाली, चिंचेच्या मळ्यात." पलीकडं शांतता. चिंच तोडून पंधरा वर्षं झालेली, माळावर गोदाम. ड्रायव्हरला काय कळणार? पोरानंच फोन परत घेतला. कंपनीचं नाव, गेट नंबर, समोर निळी पाण्याची टाकी, असं सांगितलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभं राहिलं. गाडी आली, आत डॉक्टर होते. पैसा लागला नाही.

धूर बघून समोरच्या कंपनीच्या वॉचमननं त्यांची आगीची गाडी धाडली. तोवर गंज आणि गोठा गेला होता. घर वाचलं. कारभारणीच्या हाताला दोन महिने पट्ट्या होत्या. डाव्या हाताची करंगळी अजून सरळ होत नाही.

नंतर मी एकेक विचारून घेतलं. 108 ची गाडी राज्यात 2014 पासून आहे, अपघात-आजार काहीही असो. 102 बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी. वीज बंद करायला 1912. तार तुटली असेल तर वीज बंद होईस्तोवर पाणी मारायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. 2018 च्या 15 ऑगस्टला पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय झालं आणि चाकणचं ठाणं ग्रामीणकडून तिकडं गेलं, म्हणजे पुन्हा हद्द बदलली. 2021 ला 112 आला, तेव्हा बरं वाटलं. पोलीस, आग, दवाखाना, तिन्हीला एकच नंबर. हद्द कुणाची ते त्यांनी बघायचं.

चाळीच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं हे नंबर लिहिलेत, मराठीत आणि हिंदीत. खाली पत्ता लिहिलाय. रस्ता, समोरचं गेट, निळी टाकी. नवा भाडेकरू आला की डिपॉझिट घ्यायच्या आधी त्याला तो मोठ्यानं वाचायला लावतो. पोरं हसतात.

परवा कारभारीण भिंतीसमोर उभी होती. म्हणाली, "आवं, ती टाकी औंदा हिरवी रंगवली की त्यांनी."

मी ब्रश शोधायला घरात गेलो.