बातम्यांचा आवाज

संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या लागल्या की आमचे वडील हातातल्या उत्तरपत्रिका बाजूला ठेवीत. पडद्यावर प्रदीप भिडे असले तर विशेषच. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने असे काही आवाज महाराष्ट्राला दिले. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांनीही तेथे बातम्या वाचल्या, आणि त्यांचा लौकिक पुढे रंगभूमी-चित्रपटात झाला. निवेदकाने वाचलेला मजकूर त्याचा स्वतःचा नसतो. तरी तो वाचतो म्हणजे खरे, अशी आमची धारणा होती.

या धारणेची किंमत वडिलांनी मोजली. नव्वदच्या दशकात सागवानाच्या लागवडीत पैसे गुंतवण्याच्या योजनांचे पेव फुटले होते. अशा एका योजनेच्या जाहिरातीतला आवाज कोणा वृत्तनिवेदकाचा नव्हता, पण ढब नेमकी बातम्यांची होती. वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढलेले दहा हजार रुपये भरले. कंपनीचे कार्यालय बंद झाले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘आवाज तर चांगला होता.’

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात होतो. वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशिम. शब्द आणि अर्थ यांचे सहितत्व वर्गात शिकवताना मी हा दाखला अभिमानाने देत आलो. वडिलांचे दहा हजार मात्र त्या दोहोंमधल्या फटीत गेले.

वृत्तनिवेदनाकडून अर्थसल्ल्याकडे जाणारी वाट म्हणूनच मला अस्वस्थ करते. (उलट वाटेने जाणारे विरळा: उदयन मुखर्जी यांनी २०१३ मध्ये सीएनबीसी-टीव्ही१८ सोडले आणि पुढे कादंबऱ्या लिहिल्या.) निवेदकाजवळ वर्षानुवर्षे साठलेला विश्वास हेच त्याचे भांडवल, आणि ते बातमीवर मिळवलेले असते. जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाला अंतरिम आदेशाने बाजारातून दूर ठेवले. कार्यक्रमात शिफारस होण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या कुटुंबीयांच्या खात्यांतून तेच शेअर घेतले जात, असा आक्षेप होता. अर्थात सल्लागाराच्या धंद्याला नियम आहेत. सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागाराला नोंदणी करावी लागते. आवाजाची नोंदणी कोण करणार?

मध्यंतरी वाशिममध्ये एका माजी निवेदकाचे गुंतवणुकीवर व्याख्यान झाले. सोयाबीनचे पैसे हाती आलेले शेतकरी होते, आम्ही निवृत्त शिक्षक होतो. गृहस्थ चांगले बोलले. जोखीमही लपवली नाही. शेवटी मी उभा राहून त्यांना नोंदणी क्रमांक विचारला. सभागृहात जरा कुजबुज झाली. त्यांनी तो न चिडता, एकेक अक्षर सुटे करून, अगदी सातच्या बातम्यांच्या संथपणाने सांगितला, आणि मी लिहून घेतला.

सेबीच्या संकेतस्थळावर तो तपासून पाहिला तो दोन दिवसांनी. क्रमांक खरा निघाला. पण मधले दोन दिवस माझी सगळी भिस्त त्या आवाजावरच होती.