गळती थांबली म्हणून

गेवराईत माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. डिझेल पंप, फवारणीचे पंप, मोटारसायकली. भिंतीवर मी स्वतः ऑइलपेंटने लिहिलेली पाटी आहे : 'पंप कोरडा चालवू नये'. 2006 सालीही ती तिथेच होती.

त्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि गोदाकाठची गावं वेढली गेली. आमचा जिल्हा दुष्काळाचा आणि ऊसतोडीचा. पाणी पुरवून कसं वापरायचं ते आम्हाला कळतं, दारात आलेल्या पाण्याचं काय करायचं ते नाही. तालुक्यातल्याच राक्षसभुवनला 1763 च्या ऑगस्टमध्ये पूर आडवा आला म्हणून निजाम एका तीरावर आणि त्याचा दिवाण दुसऱ्या तीरावर अडकला, दिवाण मारला गेला, हे शाळेत पाठ केलं होतं. पण परीक्षेपुरतं.

रात्री एका कचेरीतून रबरी बोटीचं इंजिन दुकानात आलं. पंचवीस हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक, कधीपासून गोदामात पडलेलं. असलं इंजिन मी पहिल्यांदाच पाहत होतो. तसं बोललो नाही. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले, लाकडी घोडीवर टांगून दोरी ओढली. चौथ्या ओढीला सुरू झालं. अडीच-तीन मिनिटं तरी चालवलं असेल. आवाज गोड होता. बघायला जमलेल्यांसाठी एकदा रेसही करून दाखवलं.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. खालच्या टोकाला जाळीतून ते नदीचंच पाणी ओढतं आणि आत एक छोटा रबरी पंखा ते वर चढवतो. पंख्याला वंगण म्हणजे तेच पाणी. ते नसेल तर रबर घासून घासून जळतं, त्याला फार वेळ लागत नाही. म्हणजे भिंतीवरच्या पाटीखाली उभा राहून मी एक पंप कोरडा चालवत होतो.

सकाळी हौसेने बोटीत बसलो. चालवायला कचेरीतला एक तरुण पोरगा होता. निघालो तेव्हा इंजिनाच्या मागच्या अंगाने पाण्याची बारीक धार पडत होती. मला वाटलं, कुठलं तरी पॅकिंग गेलंय. ती बारीक होत गेली, ठिबकायला लागली, मग थांबली. गळती आपोआप थांबली म्हणून मी खूश झालो.

उसाच्या शेंड्यांवरून बोट जात असताना बझर वाजायला लागला. एकसारखा, न थांबता.

"काका, हे कामून वाजायलंय?"

तेलाची टाकी बघितली, भरलेली. पेट्रोल होतं. आवाजात मला तरी फरक कळला नाही. इंजिन बंद करून वरच्या टोपणाला हात लावला असता तर कळलं असतं. पण समोर पत्र्यांवर माणसं उभी होती, ओरडत होती, आणि गावात माझी ओळख 'आवाजावरून दुखणं सांगणारा' अशी होती. "काही नाही रे, वायर भिजलीय," म्हणालो आणि पक्कडीने वायर तोडली. एकदम शांत वाटलं. ती शांतता मला अजून आठवते.

सहा माणसं आणि एक शेळी घेऊन परत निघालो. मधोमध आल्यावर इंजिन आवळल्यासारखं झालं आणि जाम झालं. दोरी इंचभरही हलेना. बोट धारेला लागली आणि एका बाभळीत अडकली. काटे रबरी बोटीला लागू नयेत म्हणून फांद्या हातांनी धरून आम्ही दोन तास बसलो. शेवटी भोयांची पोरं गूळ शिजवायची काहील घेऊन आली आणि दोन-दोन माणसं काढली. काहिलीला इंजिन नव्हतं, बझरही नव्हता.

माणसं सगळी वाचली. पण दुसरी फेरी झाली नाही. त्या फेरीत एका गोठ्यातली बैलजोडी सोडायची ठरलं होतं. दावं कापलं असतं तर बैल पोहून निघाले असते, असं मालक म्हणत होता. रात्रीतून पाणी चढलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकट्याने इंजिन उघडलं. पंख्याची पाती जळून कडक झालेली, तीन तुटलेली, तुकडे पाण्याच्या वाटेत अडकलेले. पिस्टन बोअरला चिकटलेला. मला सगळं कळलं. मी ते तुकडे चिंधीत गुंडाळून टाकून दिले आणि कचेरीत सांगितलं, पेट्रोलमध्ये पाणी होतं.

पेट्रोल आणणारा पोरगा माझ्याच दुकानात कामाला होता. सतरा वर्षांचा. साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं आणि मी शेजारी उभा राहून मान हलवली. महिन्याभरात तो निघून गेला. मी घरी जाऊन खरं सांगितलं तोवर चार वर्षं झाली होती. "मला माहीत होतं," तो म्हणाला, "कॅन मी स्वतः गाळून भरला होता." चहा दिला. पुन्हा माझ्याकडे आला नाही.

नंतर मालवणकडच्या एका खलाशाला मी ही हकिगत परक्याची म्हणून सांगितली. तो हसून लोटपोट झाला. त्यांच्याकडे म्हणे पोरंसोरंही इंजिन सुरू झालं की आधी मागे वळून ते मुततंय का बघतात. धार बंद पडली की तिथेच इंजिन बंद. मग खालची जाळी बघायची, पिशवी किंवा गवत असेल तर काढायचं. कधी नुसतं धारेचं भोक चिखलाने बुजलेलं असतं, तार घातली की मोकळं होतं. "आणि वायर तोडली कोणत्या शहाण्याने?" त्याने विचारलं. मी म्हणालो, होता एक.

बैलांच्या मालकाला हे अजून सांगितलेलं नाही. दर उन्हाळ्यात तो पंप घेऊन माझ्याचकडे येतो आणि मी त्याच्याकडून मजुरी घेत नाही. का घेत नाही, हे त्याने कधी विचारलेलं नाही.