मुलूख दोन, टाक एक

दोन संस्कृतींच्या सरहद्दीवर ज्याचे बालपण गेले, त्याने शब्दांत आत्मचरित्र लिहावयाचे ठरविले तर आपले परकेपण सांगण्यास त्याला पानेच्या पाने मोकळी असतात; पण तोच जेव्हा टाक आणि शाई घेऊन चित्रमय आत्मकथन रचावयास बसतो, तेव्हा वरकरणी क्षुल्लक भासणाऱ्या एका बाबीचा निवाडा त्याला सर्वांआधी करावा लागतो, आणि ती बाब म्हणजे दोन्ही मुलूख एकाच रेघेने काढावयाचे की दोन निरनिराळ्या रेघांनी. या व्यवसायात हयात घालविल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, पुस्तकाचे पुष्कळसे भवितव्य या निवाड्यातच मुक्रर होते. पुढे लेखक जी कैफियत देतो ती बहुधा त्याची अंमलबजावणी असते.

मार्जान सात्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ फ्रेंच भाषेत २००० ते २००३ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. तेहरानात वाढलेल्या, क्रांती आणि युद्ध या दोहोंची झळ सोसलेल्या आणि चौदाव्या वर्षी आईबापांनी व्हिएन्नास धाडलेल्या या मुलीच्या कहाणीत करड्या रंगाला मज्जावच आहे: जे आहे ते निखळ काळे किंवा निखळ पांढरे. पहिल्याच पानावर, १९८० सालची, दहा वर्षांची मार्जी डोईवर हिजाब घेऊन आपल्यासमोर बसली आहे. लगेच पुढच्या चौकटीत वर्गाचे छायाचित्र आहे, आणि त्यात ती नेमकी डाव्या कडेला बसलेली असल्याने चौकटीच्या रेघेने तिला छाटून टाकले आहे. दिसते ती बाहीची एक चिंधी, आणि शेजारी ओळीने बसलेल्या तिच्या मैत्रिणी. समूहात व्यक्ती कशी लोप पावते यावर निबंध लिहावयास एखाद्या विद्वानाला दहा पृष्ठे लागली असती. या बाईंनी चौकटीची कड चार बोटे उजवीकडे सरकविली, आणि काम झाले. मला त्याहूनही मोठी वाटते ती त्यांची समदृष्टी, कारण तेहरानातल्या स्वयंपाकघराला जी जाड, ठाम, काहीशी बाळबोध रेघ, तीच व्हिएन्नातल्या वसतिगृहालाही असल्यामुळे, घुमट आणि कमानी यांच्या नवलाईची अपेक्षा धरून आलेल्या युरोपीय वाचकाची निराशा होते, आणि त्या निराशेतच तो नकळत त्या घरातला होऊन जातो.

याच्या अगदी उलट तजवीज रियाद सात्तूफ यांची. वडील सिरियन, आई फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताची. आपले बालपण त्यांनी २०१४ ते २०२२ या काळात सहा खंडांत चितारले, आणि पहिल्या खंडातच लिबियाला पिवळा, फ्रान्सला निळा आणि सिरियाला गुलाबी रंग बहाल करून टाकला. यात सोय निःसंशय मोठी आहे, कारण पान उलटताक्षणी, एक अक्षरही वाचण्यापूर्वी, आपला मुक्काम कुठे हलला हे डोळ्यांना उमगते. आणि बालकाची स्मृती ही आधी ऊन, माती आणि वास यांचीच असते, हे त्यांचे गृहीत मला सर्वस्वी मान्य आहे. तथापि रंग हा फार हुकमी अंमलदार असतो. एकदा सरहद्द ओलांडली की तो आजीला, बैलाला, भाकरीला आणि आभाळाला एकाच शिक्क्याखाली आणतो, आणि मग वाचक पुराव्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो. सात्तूफ यांचा विनोद इतका तिखट आहे की ते यातून पुष्कळदा निसटतात. सर्वांनाच ते साधेल असे नाही. थी बुई यांनी २०१७ सालच्या आपल्या पुस्तकात व्हिएतनाम आणि अमेरिका या दोहोंवर एकच विटकरी रंगाचा हात फिरविला आहे, त्यात संयम अधिक.

मी स्वतः बडोद्याचा. गायकवाडांच्या पदरी चाकरीस आलेल्या घराण्यांपैकी आमचे एक. घरात मराठी, आणि ओट्यावरून खाली उतरले की गुजराती. यात ना युद्ध, ना निर्वासन, तेव्हा वर नावे घेतलेल्यांच्या पंक्तीस बसण्याचा माझा दावा मुळीच नाही. पण टाक हातात घेतला की प्रश्न तोच उभा राहतो. एका प्रकाशकांनी मोठ्या आपुलकीने सुचविले की घरातल्या चौकटींत तुळशीवृंदावन आणि नऊवारी, रस्त्यावरच्या चौकटींत गरबा आणि फाफडा अशी विभागणी केली तर वाचकाला लवकर कळेल. कळेल खरे; पण बडोद्याची शेव-उसळ मग कोणत्या मुलुखाच्या खाती जमा करावयाची? वरची शेव रस्त्याची आणि खालची उसळ घरची, अशी वाटी मधोमध चिरता येत नाही.

मी फरक ठेवला तो फक्त अक्षरांत. गुजराती लिपीला शिरोरेघ नाही, देवनागरीला आहे. आणि हाताने अक्षरे घालणारा मनुष्य आधी अक्षरे मांडतो व शिरोरेघ मागाहून ओढतो. आत्या दारात उभी राहून भाजीवालीशी भेंड्यांच्या भावाची घासाघीस करीत आहे, आणि त्याच दमात मान वळवून मला आत पिटाळीत आहे. फुगा एकच, टाक तोच, अक्षरांची उंचीही तीच, फक्त जिथे तिने मान वळविली तिथून शब्दांच्या माथ्यावर रेघ सुरू होते. तिचा चेहरा मात्र मी बदलला नाही, कारण तिचा सूर दोन्हीकडे सारखाच करडा होता. काळ्यापांढऱ्यात हे फार स्वच्छ उमटते. रंग घातला असता तर डोळा आधी लुगड्याकडे गेला असता.

आता वाद उरला आहे तो तळटिपांचा. प्रकाशकांचे म्हणणे असे की गुजराती मजकुराचा मराठी तर्जुमा प्रत्येक पानाखाली द्यावा. माझे म्हणणे असे की, आमच्या घरी पुण्याहून आलेले पाहुणे ओट्यावर बसून आत्याचे अर्धेच बोलणे समजून घेत आणि उरलेले तिच्या हातवाऱ्यांवरून ताडीत, तेवढीच मुभा वाचकालाही असावी. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर तूर्त एवढ्यावर तडजोड झाली आहे की तळटीप एकच राहील, आणि ती शेव-उसळीला.