ब्रेकच्या तारांवरचं रॉक

आज संध्याकाळपासून म्दू मोक्तारच ऐकतोय. नायजर देशातला हा डावखुरा तुआरेग गिटारवादक. पहिली गिटार त्यानं स्वतःच लाकडाची बनवली. तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या केबल ताणल्या. रॉकचे दिवस सरले असं कुणी म्हटलं की मला त्या केबल आठवतात. गरज एवढी तीव्र असेल, तर संगीत मरेल कसं?

‘आफ्रिक व्हिक्टिम’ (2021) या अल्बमचं शीर्षकगीत लावलं. ठेका वेग घेत जातो आणि शेवटी गिटार अक्षरशः किंचाळते. हा आवाज नुसत्या कौशल्याचा नाही. वसाहतवादाचा जाब विचारणारी माणसं त्यात बोलतात, तीही फ्रेंच भाषेत.

जुलै 2023मध्ये नायजरमध्ये लष्करी उठाव झाला तेव्हा त्याचा बँड अमेरिकेत दौऱ्यावर होता. घरी परतता येईना. ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ या अल्बमची गाणी तयार होती, अडकलेल्या त्या काळात त्यांनी तीच पुन्हा, बहुतांशी अकूस्टिक वाद्यांवर ध्वनिमुद्रित केली. 2025मध्ये ती ‘टिअर्स ऑफ इनजस्टिस’ म्हणून आली. मूळ गाण्यांतला संताप इथे शोक होतो. मला ही दुसरी आवृत्तीच अधिक जवळची वाटते. उद्या दोन्ही लागोपाठ ऐकायच्या, गाण्यागणिक.