भुसावळात सायकलवरून : चांगले दुकान कसे ओळखावे?

भुसावळ म्हटले की बाहेरगावच्या माणसाला जंक्शन आठवते. मुंबईकडून आलेली एक गाडी येथून नागपूरकडे वळते, दुसरी खंडवा-इटारसीकडे. गाडी थांबते तेवढ्या वेळात प्रवासी केळी घेतो, चहा पितो आणि म्हणतो, भुसावळ पाहिले. पण वाचकहो, ते भुसावळ नव्हे. भुसावळ पाहायचे असेल तर सकाळच्या पाळीच्या वेळी रस्त्यावर उभे राहावे. रेल्वेचे यार्ड आणि कारखाने, १९४९ सालची आयुध निर्माणी, १९६४ सालची वरणगावची दारूगोळ्याची फॅक्टरी, दीपनगरचे वीज केंद्र या सगळ्यांवर गावाची चूल पेटली. आणि या कामांवर जाणारी आपली वडीलधारी माणसे कशावरून गेली? सायकलवरून. हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरला छत्री, आणि पाळी चुकू नये म्हणून जोरात मारलेले पायडल.

आता मोटारसायकली वाढल्या. तरी सायकल संपलेली नाही. हमाल, वॉचमन, पेपरवाला, बांधकामावरचा मजूर, शाळेत जाणारी मुलगी यांचे आजही तिच्यावाचून चालत नाही. ज्याच्या घरी एकच वाहन आहे, त्याचे ते वाहन बिघडले की त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून सायकलचे दुकान कसे आहे, हा प्रश्न हौसेचा नाही, तो भाकरीचा आहे.

हे मनात धरून आम्ही गेले काही रविवार जामनेर रोड, यावल रोड आणि स्टेशनकडचे रस्ते सायकलवरून फिरलो. रूळ गावाच्या मधून जातात, त्यामुळे अलीकडचे गिऱ्हाईक पलीकडे सहसा जात नाही. प्रत्येक वस्तीला आपापले दुकान हवे असते. काही दुकाने मोठी, नव्या सायकली ओळीने टांगलेली. काही म्हणजे झाडाखाली एक लाकडी पेटी, एक पंप आणि पाण्याचे घमेले. दुकानाच्या आकारावरून त्याची किंमत ठरत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो.

पान्याला हात लावण्याआधी

चांगला मिस्त्री आधी ऐकतो. हवा रात्रभरात जाते की तासाभरात? आवाज प्रत्येक फेऱ्याला येतो की चढावरच? मग तो सायकल उलटी करतो, चाक फिरवतो, आणि काय झाले व किती पैसे लागतील हे काम सुरू करण्याआधी सांगतो.

उदाहरण हवेचेच घ्या. हवा हळूहळू जात असेल तर दर वेळी पंक्चर असतेच असे नाही. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये एक लहानशी रबरी नळी असते, जिला आपण वालट्यूब म्हणतो. ती कुजली की हवा जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब सोडला आणि बुडबुडा आला की रोग कळला. आमच्या शेजारच्या एका ताईंना मुलीच्या सायकलसाठी एका दुकानात नवी ट्यूब घ्यायला सांगितले होते. त्या दुसऱ्या दुकानी गेल्या. तेथील म्हाताऱ्या मिस्त्रीने थेंब टाकून पाहिला आणि म्हटले, "ताई, ट्यूब अजून वर्षभर जाईल. फक्त वालट्यूब गेली आहे." दोन्ही दुकानांत हत्यारे तीच होती. फरक नियतीचा होता.

तसेच पायडल मारताना टक् टक् वाजते तेव्हा. पुष्कळदा क्रँकची कॉटर पिन झिजलेली असते. पिन बदलली की काम भागते. पण गिऱ्हाईक अडाणी दिसले की अ‍ॅक्सल, छर्रे, वाट्या सगळे बदलण्याचा हिशेब मांडणारेही भेटतात. यावर उपाय सोपा आहे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. चांगला दुकानदार तो न मागता हातावर ठेवतो.

खानदेशचे ऊन, काटे आणि काळी माती

येथील दुकानदाराला येथील हवामान कळले पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. टम्म हवा भरून सायकल उन्हात उभी केली की जुनी ट्यूब फुटते, घाईत चिकटवलेला जोड सुटतो. जाणता मिस्त्री उन्हाळ्यात हवा थोडी बेतानेच भरतो आणि सायकल सावलीत लावायला सांगतो. जोड लावताना ट्यूब घासून स्वच्छ करतो, सोल्यूशन लावल्यावर ते सुकू देतो, मगच ठिगळ दाबतो. येथे दोन मिनिटे वाचवली की गिऱ्हाइकाचे चार मैल पायी जातात.

आणखी एक गोष्ट पाहावी. ट्यूब परत घालण्याआधी तो टायरच्या आतून बोटे फिरवतो का? बाभळीचा काटा टायरमध्ये तसाच राहिला तर पुढच्या वळणावर पुन्हा पंक्चर ठरलेले. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. काडीने माती काढत घरी पोचलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. अशा वेळी मडगार्ड आणि टायर यांत पुरेशी जागा ठेवून देणारा मिस्त्री खरा.

नवी सायकल घेताना

कारखान्यातून सायकल सुटी येते. ती दुकानात जोडली जाते. म्हणून कंपनीच्या नावाइतकेच जोडणाऱ्याच्या हाताला महत्त्व आहे. आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असतात, कारण भार मागे जास्त. या तारा सारख्या ताणलेल्या नसल्या की चाक आऊट होते. नवी सायकल काही दिवस चालली की तारा थोड्या सैल होतात. "पंधरा दिवसांनी घेऊन या, तारा कसून देतो," असे जो आपणहून म्हणतो त्याच्याकडून सायकल घ्यावी.

पोराची उंची न पाहता मोठी सायकल गळ्यात मारणारा टाळावा. "पुढे कामी येईल" हे कपड्यांना ठीक आहे, पण जमिनीला पाय न टेकणारी सायकल पोराला पाडते. रोज कामावर जाणाऱ्याला गिअरची आणि जाड टायरची सायकल खपवणाराही हिताचा नाही. तिचे भाग महाग आणि दुरुस्ती करणारे कमी. साध्या सायकलचे भाग एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीला बहुधा बसतात. १९५१ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी जुन्या अ‍ॅटलस रस्त्यावर चालूच आहेत, त्या यामुळेच.

आम्ही कारकून माणूस, म्हणून हिशेबाचे सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मूळ किंमत ५,००० रुपये धरली तर कर ६०० ऐवजी २५० रुपये. म्हणजे ३५० रुपयांचा फरक. नवी सायकल घेताना पक्के बिल मागावे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला. पण तक्रार करायची तर हातात कागद लागतो.

दुकान सर्वांचे

गावगाड्यात सुताराने कोणाचे काम कधी करायचे हे ठरलेले होते, आणि आपली पाळी शेवटी होती. सायकल बारा बलुत्यांत कोठेच नव्हती. ती यंत्रातून आली. पाना ज्याच्या हातात तो मिस्त्री, आणि आधी आला त्याचे काम आधी. एकाच घमेल्यात सगळ्यांच्या ट्यूब बुडाल्या, एकाच पंपाने सगळ्यांनी हवा भरली. ही गोष्ट लहान नाही. म्हणून जेथे साहेबाच्या पोराची सायकल मागाहून येऊनही आधी होते आणि मजुराला "थांब रे" म्हणतात, ते दुकान कितीही चकचकीत असले तरी आमच्या यादीत बसत नाही. जेथे एकट्या आलेल्या मुलीला टोमणे न ऐकता सायकल दुरुस्त करून मिळते, ते पहिल्या नंबरचे.

आणि शेवटची खूण. शाळेच्या वेळी पान्याला कोण बसले आहे ते पाहा. दहा-बारा वर्षांचे पोर असेल तर पंक्चर स्वस्त पडेल, पण ते त्याच्या शाळेच्या मोलाने. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला असे कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. मालकाशी नीट बोलावे, पोराच्या घरी जावे, शाळेत पुन्हा नाव घालावे. हे काम आपल्या मंडळांचे आहे.

मोठ्या मुलांनी मात्र ही कारागिरी जरूर शिकावी. भांडवल थोडे लागते आणि गिऱ्हाईक रोजचे असते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांना धंद्यासाठी कर्ज देत आले आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

गिऱ्हाइकानेही आपली बाजू सांभाळावी. चेनला वेळेवर तेल द्यावे, उधारी लांबवू नये, आणि मिस्त्रीच्या काळ्या हाताचा मान ठेवावा. सकाळची पाळी गाठायची असते तेव्हा कुलूप उघडून पहिला पंप मारून देणारा तोच असतो.