गळतीचा हिशेब

(बी. कॉम., पाचवे सत्र)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मालमोटारीच्या ऑईलविषयी लिहावे, हे पाहून विज्ञान शाखेचे मित्र हसतील आणि आमच्या विभागाचे प्राध्यापक चष्म्यावरून पाहतील. पण ज्याचे आजोळ निपाणीत आहे आणि ज्याच्या मामाची एकच सहाचाकी गाडी आहे, त्याचा या विषयाशी संबंध आपोआपच येतो. दहा गाड्यांच्या मालकाची एक गाडी उभी राहिली, तर नऊ चालू असतात. एका गाडीच्या मालकाची गाडी उभी राहिली, की सगळा धंदाच उभा राहतो. बँकेचा हप्ता मात्र कधी उभा राहत नाही. म्हणून गेल्या हंगामात मामाच्या गाडीखाली ऑईलचा काळा डाग दिसू लागला, तेव्हा घरात तो कुणाच्या तरी दुखण्यासारखा बोलला जाऊ लागला.

आमच्या भागाची माहिती नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. निपाणी हे पुणे-बंगळूर महामार्गावरचे तंबाखूचे गाव. पूर्वी या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणत, आता तो ४८ झाला आहे. उत्तरेला कोल्हापूरचा गूळ, आजूबाजूला साखर कारखाने आणि दक्षिणेला बेळगावकडे निघाले की लगेच तवंदीचा घाट. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटतात आणि मार्चपर्यंत गाडीवाल्यांना मान वर करायला सवड नसते. वर्षाची कमाई याच चार-पाच महिन्यांत होते. यंत्राची आवड या मातीला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, त्यातूनच पुढे एवढा मोठा उद्योग उभा राहिला. आजही बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि लेथचा आवाज दिवसभर चालू असतो. आणि इथल्या गॅरेजांत मराठी व कानडी या दोन्ही भाषा एकाच पान्याने फिरतात.

तर नोव्हेंबरमध्ये डाग दिसला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचे एक कवच असते, त्याला बेल हाउसिंग म्हणतात. त्याच्या तळाशी ऑईल जमून खाली पडत होते. महामार्गावरच्या एका गॅरेजात मामाने गाडी दाखवली. तिथल्या फिटरने खाली वाकून टॉर्च मारला आणि उभा राहायच्या आत निकाल दिला. क्रँकचे मागचे ऑईल सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, दोन दिवस गाडी सोडा. दुसरीकडे मामाच्या ओळखीच्या ड्रायव्हर मंडळींचा सल्ला अगदी उलटा होता. हंगामात गाडी खोलायची नाही, रोज ऑईल ओतायचे आणि चालवायचे. एक म्हणतो आजच खोल, दुसरा म्हणतो बघूच नकोस. गंमत अशी की, या दोन्ही सल्ल्यांत ऑईल नेमके कुठून येते, हे कुणीच पाहिले नव्हते.

शेवटी मामा गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेला. सुटी होती म्हणून मीही गेलो. मिस्त्री घरी कानडी बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि इंजिनाशी बहुधा दोन्ही. त्यांनी पहिल्यांदा खाली पडलेला थेंब बोटावर घेतला, चोळला आणि हुंगला. डिझेल इंजिनाचे ऑईल काळे असते. गिअरचे ऑईल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेल पातळ असते, बोटावर थांबत नाही. "इंजिनाचंच आहे," ते म्हणाले. मामाने लगेच विचारले, "मग सील गेलं म्हणायचं?" त्यावर मिस्त्री म्हणाले, "मालक, आधी इंजिन धुवू या. घाण बघून रोग सांगता येत नाही."

धुण्यामागचे कारण साधे आहे, पण ते मला तोवर कुणी सांगितले नव्हते. ऑईल वरून खाली ओघळते, हे कुणालाही कळते. पण गाडी चालत असताना समोरून येणारा वारा आणि पंख्याचा झोत त्याला मागेही ढकलतो. म्हणजे डाग जिथे दिसतो, त्याच्या वर आणि पुढे उगम असण्याचा संभव असतो. बेल हाउसिंग ही जागा इंजिनाच्या सर्वांत खाली आणि सर्वांत मागे. त्यामुळे वरच्या टॅपेट कव्हरपासून ऑईल प्रेशरच्या नळीपर्यंत कुणाचीही गळती शेवटी तिथेच येऊन थांबते. गावभरचे पाणी ओढ्याला मिळावे तसे!

इंजिन धुऊन कोरडे केले. संशयाच्या सांध्यांवर पावडरीचा पातळ थर फुंकला आणि गाडी घाट चढवून आणली. परत आल्यावर वरून पाहायला सुरुवात केली. सर्वांत वरची ओली जागा कोणती, हाच एक प्रश्न. ती निघाली टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. पावडरीवर एक काळी रेघ तिथून निघून इंजिनाच्या पाठीवरून सरळ बेल हाउसिंगपर्यंत गेली होती.

आता कव्हरचे पॅकिंग बदलले की काम संपले, असे मला वाटले. पण मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचे झाकण उघडले. आतून धूर भक्‌भक् करीत बाहेर आला. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची वाट ठेवलेली असते. ही वाट चिकट काजळीने बुजली, की आतला दाब वाढतो आणि जिथे पॅकिंग किंवा सील दुबळे असेल तिथून ऑईल बाहेर ढकलतो. अशा वेळी नुसते पॅकिंग बदलणे म्हणजे उतू जाणाऱ्या भांड्यावर नवे झाकण दाबणे. मामाच्या गाडीचा ब्रीदर जवळजवळ बंद होता. तो साफ केल्यावर धूर बराच कमी झाला. तो कमी झाला नसता, तर रिंगा झिजल्या असे समजून मोठ्या कामाची तयारी करावी लागली असती.

कव्हर बसवतानाही एक गोष्ट शिकायला मिळाली. बोल्ट जितके आवळावे तितके बरे, असा आपला समज असतो. पण जास्त आवळल्याने पॅकिंग चिरडते, पत्र्याचे कव्हर वाकते आणि गळती उलट वाढते. चिकट लेपही सढळ हाताने लावायचा नसतो. आत सुटलेले त्याचे तुकडे ऑईलच्या जाळीत अडकले, तर बाहेरच्या गळतीपायी इंजिनाचाच घसा कोरडा पडायचा.

एवढे झाल्यावर गाडी पुन्हा चालवून आणली. वरचे सगळे कोरडे होते, पण बेल हाउसिंगच्या तळाशी अजून ओल होती. म्हणजे मागचे सीलही थोडे दमलेले होते. पहिल्या फिटरचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मात्र मोठी गळती वरची होती आणि ती गिअरबॉक्स न उतरवता थांबली होती.

आता खरा प्रश्न आला. सीलचे काम आत्ता करायचे की हंगामानंतर? मिस्त्रींनी यावर एक कानडी शब्द वापरला, 'जिनुगु'. कानडीत 'जिनुगु' म्हणजे पाझरणे, 'तोट्टिक्कु' म्हणजे ठिबकणे आणि 'सोरु' म्हणजे गळणे. आपल्या मराठीतही पाझरणे, ठिबकणे, गळणे, वाहणे हे शब्द वेगवेगळे आहेत, पण गॅरेजात आपण सगळ्यांना 'लिकेज' म्हणून मोकळे होतो. पुढे मला वाचायला मिळाले की अमेरिकन सैन्याच्या वाहनांच्या देखभाल-पुस्तकांत गळतीचे असेच तीन वर्ग केलेले आहेत. नुसती ओल किंवा रंग बदललेला दिसला, तर पहिला वर्ग. थेंब तयार होतो पण पडत नाही, तो दुसरा. थेंब पडू लागला की तिसरा. पहिल्या दोन वर्गांत पातळीवर लक्ष ठेवून गाडी चालवता येते, तिसऱ्याची मात्र वर खबर द्यावी लागते. आमच्या मिस्त्रींनी हे पुस्तक पाहिले असण्याचा संभव नाही. तरी दोघांचे शहाणपण एकच!

थेंबांचाही हिशेब मांडता येतो. ढोबळमानाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दर पाच सेकंदांना एक थेंब म्हणजे तासाला ७२० थेंब, म्हणजे ३६ मिलिलिटर. गाडी दिवसाला दहा तास चालली, तर तीन दिवसांत एक लिटरच्या वर ऑईल रस्त्यावर. मात्र थेंब मोजायचे ते इंजिन गरम असताना. थंड ऑईल दाट असते, ते खोटी साक्ष देते.

त्या संध्याकाळी मामा म्हणाला, "तू हिशेब शिकतोस ना? मग मांड." मी वही काढली. गाडी महिन्याला साधारण ६,२५० किलोमीटर चालते. दुरुस्तीपूर्वी ६०० किलोमीटरला एक लिटर ऑईल ओतावे लागत होते, म्हणजे महिन्याला दहा लिटरच्या वर. लिटरला ३५० रुपये धरले तर सुमारे ३,६०० रुपये. पॅकिंग आणि ब्रीदरचे काम झाल्यावर १,६०० किलोमीटरला एक लिटर लागू लागले, म्हणजे महिन्याला १,४०० रुपये. त्यातलेही काही ऑईल इंजिन आतल्या आत जाळते, त्याचा डाग जमिनीवर पडत नाही. दुसऱ्या बाजूला सीलची किंमत किरकोळ, पण गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी ६,००० रुपये आणि दोन दिवसांचा खाडा. खाडा मोजताना मामा पूर्ण भाडे धरत होता. मी त्यातून डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता वजा केला. गाडी उभी असताना हे खर्चही होत नाहीत. उरते ते खरे नुकसान, ते दिवसाला ३,००० रुपयांच्या आसपास आले.

आणखी एक बाब होती. क्लच प्लेट हंगामानंतर बदलायचीच होती आणि तिच्यासाठीही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. परिव्यय लेखाशास्त्रात आम्ही संयुक्त खर्च शिकतो, तो हाच. एका मजुरीत दोन कामे. आकडे स्पष्टपणे थांबण्याच्या बाजूने होते.

पण वहीचा रकाना सगळे सांगत नाही. भरलेली गाडी तवंदीच्या घाटात असताना ऑईल क्लचवर गेले आणि क्लच घसरू लागला, तर त्याची रक्कम कुठे लिहायची? गरम सायलेन्सरवर ऑईल पडून पेट घेतला तर? ताळेबंदात संभाव्य देणी रकमेच्या रकान्यात येत नाहीत, खाली टीप म्हणून लिहितात. परीक्षेत ती टीप विसरली तर दोन गुण जातात. इथे गाडी जाऊ शकते, माणूसही जाऊ शकतो. आणि रस्त्यावर सांडलेले ऑईल दुसऱ्याच्या दुचाकीखाली आणि तिसऱ्याच्या शेतात जाते. ते आपल्या खात्यावर कधीच पडत नाही, पण खर्च कुणाचा तरी होतोच.

म्हणून आम्ही तीन अटी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. एक, १,००० किलोमीटरच्या आत एक लिटर लागू लागले तर. दोन, गरम इंजिन उभे असताना दहा मिनिटांत बेल हाउसिंगचा एक जरी थेंब जमिनीवर पडला तर. तीन, चढावर क्लच किंचितही घसरला तर. यांपैकी काहीही झाले, की हातात कितीही चांगले भाडे असो, गाडी खोलायची. ड्रायव्हरने रोज सकाळी सपाट जागेवर डिपस्टिक पाहून पातळी लिहायची. पातळी उतरली तर कळतेच, पण ती कारणाशिवाय चढली तरी सांगायचे. डिझेल किंवा पाणी ऑईलमध्ये मिसळले, तर पातळी वाढते आणि इंजिन मरते.

डिसेंबर, जानेवारी नीट गेले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा १,१०० वर आला आणि एका संध्याकाळी खाली ठेवलेल्या पुठ्ठ्यावर थेंब पडला. पहिली अट अजून मोडली नव्हती, दुसरी मोडली होती. दुसऱ्या दिवशी हुबळीचे साखरेचे भाडे ठरले होते. मामा बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे पाहत बसला. मामी म्हणाली, "एक खेप मारून या, मग बघा." मामाने मला वही मागितली, पहिले पान वाचले आणि भाडे शेजारच्या गाडीला देऊन टाकले.

गिअरबॉक्स उतरला तेव्हा सीलचे रबर कडक होऊन त्याची धार गेली होती. क्रँकवर त्या धारेने बारीक खाच पाडली होती, म्हणून मिस्त्रींनी नवे सील किंचित कमी आत बसवले. आता त्याची धार खाचेवर न टेकता कोऱ्या जागेवर टेकते. क्लच प्लेटची कड नुकतीच ओली होऊ लागली होती. ती एक खेप सुखरूप झाली असती की नसती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मामा त्यावर वादही घालत नाही.

मला या प्रकरणात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रत्येक गळती तातडीने खोलायची नसते आणि कुठलीही गळती डोळ्यांआड करायची नसते. आधी ती कुठून आणि किती, हे शोधावे. मग कुठवर सोसायची, याची रेघ आखावी. पण ती आखावी भाडे समोर नसताना, डोके थंड असताना. ट्रक दारात भरून उभा असताना आखलेली रेघ नेहमी थोडी पुढे सरकते.

वही आता मामाकडेच आहे. पुढच्या हंगामासाठी त्याने त्यात टायरांचे एक पान स्वतःच वाढवले आहे.